बिघडलेली वस्तू आणि न्यायाचे अंतर : व्ही.पी.पासून ऑनलाइन खरेदीपर्यंत

१/
धाराशिवमधल्या एखाद्या ग्राहकाने परदेशी संकेतस्थळावरून मागवलेला इअरफोन किंवा मोबाईल बिघडलेला निघाला, तर त्याने दाद कुठे मागायची? प्रश्न आजचा वाटतो, पण त्याची मुळे टपालखाते, निजामी राजवट आणि ग्राहक चळवळ अशी दीडशे वर्षे मागे जातात. दोष वस्तूत असतो. वाद मात्र बहुतेक वेळा अंतराचा असतो. फसलेल्या ग्राहकाने विक्रेत्याच्या गावी जायचे, की विक्रेत्याने ग्राहकाच्या गावी येऊन उत्तर द्यायचे? या धाग्याचा विषय त्या अंतराचा इतिहास हा आहे.

२/
दुकानदाराचे तोंडही न पाहता वस्तू मागवण्याची सोय हिंदुस्थानात इंटरनेटने आणलेली नाही. १८७७ मध्ये टपालखात्याने ‘व्हॅल्यू पेएबल’ म्हणजे व्ही.पी. पद्धत सुरू केली. विक्रेत्याने पार्सल टपालात टाकायचे, टपालवाल्याने ते घरपोच नेऊन ठरलेली रक्कम वसूल करायची आणि ती विक्रेत्याला पोहोचवायची. आजच्या ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ची ही पूर्वज. अमेरिकी टपालखात्याने अशी सोय १९१३ मध्ये दिली. म्हणजे हिंदुस्थानानंतर छत्तीस वर्षांनी.

३/
पुस्तके, औषधे, घड्याळे अशा कितीतरी वस्तू या मार्गाने गावोगाव पोहोचू लागल्या. ‘व्ही.पी. सोडवून घेणे’ हा वाक्प्रचार मराठीत रुळला तो याच व्यवहारातून. ‘सोडवून घेणे’ या शब्दांतच व्यवहाराची अडचण दडलेली आहे. आधी पैसे मोजायचे, मग पार्सल हाती येणार. आत घड्याळ आहे की भंगार, चालू घड्याळ आहे की बंद पडलेले, हे पैसे गेल्यावरच कळायचे. तोवर विक्रेता शेकडो मैलांवर सुरक्षित बसलेला असायचा.

४/
हा धोका सरकारच्या ध्यानात आला होता. १८९८ च्या टपाल कायद्यातील व्ही.पी.विषयक कलमांत दोन उपाय दिसतात. एक : ग्राहकाकडून खरोखर मागणी आलेली आहे, असे प्रतिज्ञापन विक्रेत्याकडून घेण्याची तरतूद, म्हणजे न मागवलेली पार्सले लोकांच्या गळ्यात मारता येऊ नयेत. दुसरा उपाय अधिक महत्त्वाचा. फसवणूक झाली असल्यास वसूल केलेली रक्कम विक्रेत्याला न देता रोखून धरण्याचे आणि ग्राहकाला परत करण्याचे नियम सरकारला करता येत होते.

५/
या दुसऱ्या उपायामागचा विचार नीट पाहण्यासारखा आहे. विक्रेता दूर आहे, त्याला कोर्टात खेचणे महाग आहे. पण पैसा अजून मध्यस्थाच्या हातात आहे. मग विक्रेत्यामागे धावण्यापेक्षा पैसाच अडवावा. दूरच्या व्यवहारात न्याय मिळवण्याची ही युक्ती पुढे निराळ्या रूपात पुन्हा भेटणार आहे. मात्र ती फसवणुकीपुरती होती. दोन महिन्यांनी बंद पडलेल्या घड्याळासाठी टपालखाते काहीच करू शकत नव्हते.

६/
आता हेच अंतर आजच्या धाराशिव जिल्ह्यातून मोजून पाहू. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ‘उस्मानाबाद’ हे नाव सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्यावरून आलेले. संस्थानाचे टपाल आणि तिकिटे वेगळी होती. चलनही वेगळे : हाली शिक्का. ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला लोक ‘कलदार’ म्हणत आणि सहा कलदारांना साधारण सात हाली रुपये पडत. मुंबईच्या दुकानातून वस्तू मागवणाऱ्याला किंमत कलदारात मोजावी लागे. आज डॉलरचा भाव पाहून खरेदी ठरवणाऱ्याला हा हिशेब अनोळखी वाटणार नाही.

७/
बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी कुर्डुवाडीहून बार्शीला आली १८९७ मध्ये आणि येडशीवरून लातूरला पोहोचली १९११ मध्ये. त्यामुळे माल येणे सोपे झाले. पण बार्शी ब्रिटिश हद्दीत आणि उस्मानाबाद निजामाच्या. अंतर पन्नास किलोमीटरच्या आतले. तरीही मधे जकातीची, चलनाची आणि न्यायालयांची सीमा होती. ब्रिटिश हिंदुस्थानातील कोर्टाच्या लेखी संस्थानी कोर्ट ‘परकीय’, आणि संस्थानी कोर्टाच्या लेखी ब्रिटिश कोर्ट तसेच. मुंबईच्या व्यापाऱ्याने सदोष माल दिला, तर उस्मानाबादच्या ग्राहकासाठी तो कायद्याने जवळजवळ परदेशी विक्रेताच ठरे.

८/
म्हणजे ‘परदेश’ समुद्रापलीकडेच असतो असे नाही. आपल्या गावच्या न्यायालयाचा हुकूम ज्या ठिकाणी चालत नाही, तो ग्राहकापुरता परदेश. ही गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढचा सगळा इतिहास सोपा होतो.

९/
त्या काळच्या कायद्याचा कलही विक्रेत्याकडेच होता. ‘खरेदीदाराने सावध राहावे’ हे इंग्लिश कायद्यातले जुने तत्त्व. हिंदुस्थानचा मालविक्री कायदा १९३० चा. त्याच्या १६ व्या कलमात या तत्त्वाला काही अपवाद दिलेले आहेत : ग्राहकाने गरज सांगून, विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला असेल, तर तो त्या कामाचा असला पाहिजे, वर्णनावरून विकलेला माल बाजारात खपण्याच्या लायकीचा असला पाहिजे. पण हे अपवाद सिद्ध करायचे दिवाणी कोर्टात : वकील, कोर्ट फी आणि वर्षानुवर्षांच्या तारखा सोसून. शिवाय हा कायदा उस्मानाबादला लागू झाला तो संस्थान विलीन झाल्यावर, १९५१ मध्ये.

१०/
१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानातली निजामी राजवट संपली. १९५० मध्ये संस्थानी टपाल भारतीय टपालात विलीन झाले. हाली शिक्काही त्या दशकाच्या अखेरीपर्यंत व्यवहारातून गेला. १९५६ मध्ये उस्मानाबाद द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. मुंबई आता परकी राहिली नाही. पण खरोखरच्या परदेशी वस्तूंसाठी दरवाजा त्याच काळात घट्ट झाला. १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्यान्वये परवान्याशिवाय आयात अशक्य होत गेली. साधा रेडिओ घरी ठेवायलाही टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागे. ही अट १९८० च्या दशकात गेली.

११/
बंदीने हौस मरत नाही. ती आडवाटेने जाते. आखाती देशांतून परतणाऱ्यांच्या सामानातून आणि चोरट्या बाजारातून टेप रेकॉर्डर, टू-इन-वन, मनगटी घड्याळे आली आणि ‘फॉरेनचा माल’ ही प्रतिष्ठेची खूण ठरली. या मालाला पावती नव्हती आणि हमीही नव्हती. वस्तू बिघडली तर तक्रार करण्याआधी ती आणली कशी, याचेच उत्तर द्यावे लागले असते. अशा खरेदीत ग्राहकाचा एकमेव आधार म्हणजे जवळचा रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर.

१२/
दरम्यान, दूर राहून झालेला सौदा नेमका कोणत्या गावी होतो, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि तो महाराष्ट्राशी जोडलेला होता. २२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादच्या एका व्यापारी पेढीने विदर्भातील खामगावच्या गिरणीशी टेलिफोनवरून सरकीच्या पेंडीचा सौदा केला. माल आला नाही, म्हणून पेढीने अहमदाबादेत दावा लावला. गिरणीचे म्हणणे असे की, होकार खामगावहून दिला, तेव्हा दावाही खामगावलाच चालायला हवा.

१३/
‘भगवानदास गोवर्धनदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल परशोत्तमदास’ या खटल्यात ३० ऑगस्ट १९६५ रोजी बहुमताचा निकाल लागला : टेलिफोनवर होकार जिथे ऐकू येतो, तिथे करार होतो. म्हणून अहमदाबादचे कोर्ट योग्य. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी भिन्न मत नोंदवले. करार कायदा १८७२ चा, म्हणजे टेलिफोनच्या शोधाआधीचा. त्याच्या शब्दांना धरूनच अर्थ लावायला हवा, असा त्यांचा रोख होता. तंत्र पुढे गेले आणि कायद्याचे शब्द मागे राहिले, तर काय होते याचा हा पाठ्यपुस्तकी नमुना आहे.

१४/
हा झाला व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतला वाद. दोन्हीकडे वकील लावण्याची ऐपत होती. सामान्य ग्राहकाची बाजू घेणारी संघटित चळवळ महाराष्ट्रात उभी राहिली ती १९७० च्या दशकात. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिच्या उभारणीत संगीतकार सुधीर फडके यांचाही वाटा होता. महागाई, भेसळ आणि टंचाईच्या त्या काळात ‘ग्राहक’ हा एकटा-दुकटा खरेदीदार नसून संघटित होऊ शकणारा घटक आहे, हा विचार या चळवळीने रुजवला.

१५/
२४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याची आठवण म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन मानला जातो. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशी तीन पायऱ्यांची रचना आली. वकिलाविना तक्रार करता येऊ लागली. दोष दुरुस्त करून देणे, वस्तू बदलून देणे, पैसे परत करणे, भरपाई देणे असे स्पष्ट आदेश जिल्हा मंचाला देता येऊ लागले. दोष डोळ्यांना न दिसणारा असेल, तर वस्तू प्रयोगशाळेत तपासण्याची सोय झाली. विद्युत उपकरणांच्या बाबतीत ही तरतूद फार मोलाची होती.

१६/
पण अंतर उरलेच. या कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे तक्रार करायची ती विरुद्ध पक्ष राहतो किंवा धंदा करतो तिथे, नाहीतर तक्रारीचे कारण जिथे घडले तिथे. १९९३ मध्ये ‘शाखा कार्यालय’ हे शब्द जोडले गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘सोनिक सर्जिकल’ प्रकरणात सांगितले की, केवळ कुठेतरी शाखा असणे पुरेसे नाही; तक्रारीचे कारण जिथे घडले, तिथली शाखा हवी. गोदामाला आग अंबाल्यात लागली होती, तक्रार चंदीगडला केलेली होती. ती टिकली नाही. ग्राहकाचे स्वतःचे गाव या कलमात कुठेच नव्हते.

१७/
नेमक्या याच काळात आयातीची दारे उघडली. माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरील जकात काढण्याच्या जागतिक करारात भारत १९९७ मध्ये सामील झाला. उपभोग्य वस्तूंवरील उरलेले परिमाणात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ पासून हटले. परिणाम प्रत्येक तालुक्याच्या बाजारात दिसला : स्वस्त, मोठ्या आवाजाचे ‘चायना मोबाईल’. त्यातील असंख्य संचांना आयएमईआय हा ओळख क्रमांकच नव्हता. सुरक्षेच्या कारणावरून १ डिसेंबर २००९ पासून अशा संचांची सेवा बंद झाली. १९९ रुपये भरून क्रमांक बसवून घेण्याची सोय त्याआधी काही काळ दिली गेली होती. म्हणजे उत्पादकाच्या उणिवेची किंमत अखेर ग्राहकानेच मोजली.

१८/
त्यातून धडा घेऊन नियमन आले. २०१२ च्या आदेशाने ठरावीक इलेक्ट्रॉनिक वस्तूंना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची झाली. पण तोवर खरेदी पडद्यावर गेली होती. परदेशी संकेतस्थळे थेट घरी पार्सल धाडू लागली. पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना असलेली जकातमाफी पुष्कळदा साध्या विक्रीसाठी वापरली गेली. डिसेंबर २०१९ मध्ये, राखी आणि जीवरक्षक औषधे वगळता, ही वाट बंद झाली. जून २०२० मध्ये ५९ चिनी ॲपवर बंदी आली. त्यांत शीन आणि क्लब फॅक्टरी होती. नोव्हेंबरमधल्या यादीत अलीएक्सप्रेसही आले.

१९/
२० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने, म्हणजे २०१९ च्या कायद्याने, दीडशे वर्षांचा प्रवाह उलटा फिरवला. ३४ व्या कलमात चार साधे शब्द आले : तक्रारदार जिथे राहतो तिथे. आता विक्रेता मुंबईचा असो की बंगळुरूचा, तक्रार धाराशिवच्या जिल्हा आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने होऊ शकते. मुदत दोन वर्षांची आहे. ‘ग्राहक’ या व्याख्येत ऑनलाइन खरेदी करणाराही स्पष्टपणे आला.

२०/
परदेशी उत्पादकासाठी याच कायद्यात एक मार्मिक तरतूद आहे. ८६ व्या कलमाप्रमाणे, उत्पादक कोण हेच माहीत नसेल, त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल किंवा भारतीय कायदा त्याच्यावर चालत नसेल, तर उत्पादनामुळे झालेल्या हानीची जबाबदारी विकणाऱ्यावर येते. हात पोहोचत नसेल, तर हाताशी असलेल्याला जबाबदार धरा, असा हा विचार आहे. त्याच महिन्यात आलेले ई-कॉमर्स नियम, भारतात कार्यालय नसतानाही इथल्या ग्राहकांना पद्धतशीर माल विकणाऱ्या परदेशी व्यासपीठांनाही लागू आहेत. व्यासपीठाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे.

२१/
कागदावर अंतर मिटले. प्रत्यक्षात एक फट राहिली. भारतातील आयातदाराने आणलेल्या वस्तूच्या वेष्टनावर त्याचे नाव आणि पत्ता असतो, तो सापडतो. पण ग्राहकाने परदेशी संकेतस्थळावरून थेट पार्सल मागवले, तर सीमाशुल्काच्या लेखी आयातदार कोण? स्वतः ग्राहक. मधला माणूस नाहीसा झाला की किंमत कमी होते; त्याबरोबर ज्याला जबाबदार धरायचे, तोही नाहीसा होतो. धाराशिवच्या आयोगाने परदेशी विक्रेत्याविरुद्ध आदेश दिला, तरी तो दुसऱ्या देशात अंमलात आणायचा कसा? न्यायालयांचे निकाल परस्परांत अंमलात आणण्याची व्यवस्था भारताची ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती अशा काही देशांशी आहे. चीन आणि अमेरिका त्यांत नाहीत. बार्शी आणि उस्मानाबाद यांच्यामधली सीमा आता पॅसिफिकवर आणि हिमालयापलीकडे सरकली आहे.

२२/
अशा थेट आयातदार ग्राहकासाठी सीमाशुल्क कायद्यात २००९ पासून २६ए हे कलम आहे. आयात वस्तू सदोष निघाली, तर भरलेली जकात परत मिळू शकते. अटी कडक आहेत : दोष शोधण्यापुरताच वापर झालेला असावा, आणि माल सोडल्याच्या आदेशापासून तीस दिवसांत वस्तू परत निर्यात करावी, सरकारजमा करावी किंवा अधिकाऱ्यासमोर नष्ट करावी. ही मुदत वाढवून मिळू शकते. हजार रुपयांच्या इअरफोनसाठी एवढा खटाटोप कोणी करत नाही, हेही तितकेच खरे.

२३/
म्हणूनच जुनी युक्ती परत आली आहे. कार्डाने पैसे दिले असतील, तर माल सदोष असल्याचे दाखवून बँकेमार्फत रक्कम परत मागता येते. याला ‘चार्जबॅक’ म्हणतात. त्याची मुळे अमेरिकेच्या १९७४ च्या पतव्यवहार कायद्यात आहेत. विक्रेत्यामागे धावण्याऐवजी मध्यस्थाच्या हातातला पैसा अडवायचा, हा तोच विचार. व्ही.पी.च्या काळात तो टपालखात्याने फसवणुकीपुरता केला होता. आता बँका तो सदोष मालासाठीही करतात. ज्या १८९८ च्या कायद्यात तो होता, त्याची जागा नव्या टपाल कायद्याने २०२४ मध्ये घेतली.

२४/
या इतिहासाचा आजच्या खरेदीसाठी निष्कर्ष काय? वस्तू मागवण्यापूर्वी पाहायचे ते दोनच : बिघडल्यास भारतात उत्तर द्यायला कोण आहे, आणि पैसा कोणाच्या हातून जातो आहे. भारतीय आयातदार किंवा विक्रेता असेल, तर बिल, वेष्टन आणि पार्सल उघडतानाचे चित्रण जपून ठेवावे, लेखी तक्रार करावी, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवावी आणि न सुटल्यास आपल्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे जावे. बिलात मुदत लिहिलेली नसेल, तर सदोष माल तीस दिवसांत परत घेण्यास नकार देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. विक्रेता फक्त परदेशात असेल, तर कार्डाचा मार्ग आणि त्याची मुदत आधी पाहावी.

२५/
१८७७ नंतर वस्तू ग्राहकाच्या दारी येऊ लागली. न्याय त्याच्या जिल्ह्यापर्यंत यायला २०२० उजाडले. मधली १४३ वर्षे उस्मानाबादच्या ग्राहकाने सदोष वस्तूची किंमत दोनदा मोजली : एकदा खरेदीला, दुसऱ्यांदा अंतराला. देशाच्या आतला हा दुसरा भुर्दंड आता बराच संपला आहे. देशाबाहेरचा अजून चालू आहे, आणि तो स्वस्त किमतीच्या पाटीवर कुठेही लिहिलेला नसतो.